मॉरिशस, लागाझेतपासून फायबरपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे दोनच विषय निघतात. एक हनिमून, आणि दुसरा 'तिकडे आपली मराठी माणसं आहेत म्हणे'. अलीकडे मात्र वेगळे प्रश्नही कानावर येतात. तिथल्या एबेन या आयटी उपनगरातल्या सायबरसिटीत नोकरी लागलेल्या मुलीचे आईवडील विचारतात, तिथे नेट कसं आहे? पत्रकारितेचे विद्यार्थी विचारतात, एवढ्याशा देशात वर्तमानपत्रं चालतात तरी कशी? कुणी २०२४ मध्ये तिथे फेसबुक बंद केल्याचं वाचलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. 'लागाझेत' हा तिथल्या क्रियोल भाषेतला वर्तमानपत्रासाठीचा शब्द.

एवढ्याशा बेटाच्या माध्यमांकडे बघायचं कशाला?

देश खरंच लहान आहे. क्षेत्रफळ साधारण २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. पण लहान असल्यामुळेच बघण्यासारखा आहे. मोठ्या देशात एक वाट बंद झाली तर बातमी दुसरीकडून येते. बेटावर सगळं चिंचोळ्या वाटांनी येतं: पूर्वी एकच बंदर, मग एकच तारयंत्राची केबल, मग एकच सरकारी प्रसारण संस्था, आता समुद्राखालच्या मोजक्या केबल. त्या वाटेच्या तोंडाशी कोण उभं आहे, हा प्रश्न मॉरिशसमध्ये अडीचशे वर्षं वेगवेगळ्या रूपात विचारला जातो आहे. तिथली यंत्रसामग्री उत्तम आहे, आपल्यापेक्षा काही बाबतींत पुढेही. भांडण तिच्याबद्दल नाहीच.

तिथे वर्तमानपत्र कधी सुरू झालं?

१७७३ साली. म्हणजे आपल्या हिकीच्या 'बंगाल गॅझेट'च्याही सात वर्षं आधी. बेट तेव्हा फ्रेंचांचं होतं आणि नाव होतं 'ईल द फ्रान्स'. छापखाना १७६८ मध्ये आला आणि निकोला लांबेर नावाच्या मुद्रकाने पत्र काढलं. त्याचं लांबलचक फ्रेंच नाव मराठीत सांगायचं तर 'जाहिराती, सूचना आणि किरकोळ निवेदनं'. नावावरूनच कळतं की मतं मांडण्याचा त्याचा काही इरादा नव्हता.

मतांचं वर्तमानपत्र आलं ते १८३२ मध्ये. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं तेच साल. बेट एव्हाना इंग्रजांकडे गेलं होतं. आद्रियाँ देपिने या वकिलाने लंडनपर्यंत खटपट केली आणि सेन्सॉरशिवाय छापलेलं 'ल सेर्नेआँ' सुरू केलं. ते पुढे १९८२ पर्यंत चाललं, दीडशे वर्षं.

इथे एक अडचण आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. देपिने हा ऊसमळेवाल्यांचा पुढारी होता. छापण्याचं स्वातंत्र्य त्याने मिळवलं खरं, पण ते मळेवाल्यांची बाजू मांडायला, आणि त्या बाजूत गुलाम बाळगण्याचा हक्कही आला. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, वर्तमानपत्र राहिलं. मग १८४३ मध्ये रेमी ओलिये या मिश्र वंशाच्या तरुणाने त्याच स्वातंत्र्याचा उपयोग करून 'ला सांतिनेल' काढलं आणि गोऱ्या मळेवाल्यांना त्यांच्याच हत्याराने उत्तर द्यायला सुरुवात केली.

आणि भारतीय मजुरांचं काय? त्यांचं कुणी छापत होतं का?

बराच काळ कुणीच नाही. १८३४ पासून गिरमिट्ये, म्हणजे करारावर बांधलेले, मजूर जहाजं भरभरून येत होते. भोजपुरी, तमीळ, तेलुगू बोलणारे, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणी-मराठी लोकही. त्यांच्याबद्दल फ्रेंच वर्तमानपत्रांत येई ते बहुधा मजुरांचा तुटवडा किंवा रोगराई अशा सदरात.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसमध्ये थांबले होते. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये तिथे गेले. कोर्टात मजुरांची बाजू लढवता लढवता त्यांच्या लक्षात आलं की वर्तमानपत्र हवं. १९०९ मध्ये त्यांनी 'हिंदुस्तानी' काढलं, आधी इंग्रजी आणि गुजरातीत. पण मजूर गुजराती थोडेच बोलत होते! मग गुजरातीच्या जागी हिंदी आली. पुढे 'जनता', 'जमाना' अशी हिंदी पत्रं आली, आणि १९४० मध्ये मजूर पक्षाच्या बाजूचं 'अॅडव्हान्स'.

राजधानी पोर्ट लुईच्या मध्यात कंपनी गार्डन नावाची बाग आहे. वडाच्या पारंब्या, दुपारी डबा खाणारे कारकून, आणि पुतळे. देपिने, ओलिये आणि मणिलाल डॉक्टर तिघेही त्याच बागेत उभे आहेत. तिथल्या पत्रकारितेचा इतिहास शिकवायचा तर वर्ग तिथेच भरवावा.

केबल येण्याआधी बेटावर बातमी कशी पोहोचायची?

जहाजाने. आणि जहाज येतंय हे कळायचं डोंगरावरून. पोर्ट लुईच्या डोक्यावर सिग्नल माउंटन आहे. तिथल्या काठीवर निशाणं चढली की गावाला कळे की कुठलं जहाज, कुणाचं, किती दूर.

या डोंगरांवरचं सगळ्यात अजब पात्र म्हणजे एतिएन बोतिनो. अठराव्या शतकातला हा गृहस्थ क्षितिजापलीकडची जहाजं, दिसायच्या कित्येक दिवस आधी, हवेतल्या बदलांवरून ओळखतो असा दावा करायचा. लोक त्याच्याशी पैजा लावायचे आणि तो बरेचदा जिंकायचा म्हणतात. ही विद्या विकायला तो फ्रान्सलाही गेला, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. पण बातमीची भूक किती होती, हे त्यावरून समजतं.

निशाणं खोटंही बोलायची. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या लढाईआधी इंग्रजांनी तिथलं छोटं बेट काबीज केलं आणि वर फ्रेंच झेंडाच फडकत ठेवला. फ्रेंच जहाजं आपलाच झेंडा समजून आत आली. तरीही लढाई फ्रेंचांनी जिंकली, आणि डिसेंबरमध्ये बेट मात्र इंग्रजांनी घेतलं.

तारयंत्राची केबल आली १८९३ मध्ये, झांझिबार आणि सेशेल्सच्या बाजूने. १९०१ मध्ये दुसरी मोठी केबल दरबानहून मॉरिशसला आणि तिथून रॉड्रिग्स बेटामार्गे ऑस्ट्रेलियाकडे गेली. त्याच्या अठरा वर्षं आधी, १८८३ मध्ये, रॉड्रिग्सच्या पोलीसप्रमुखाने पूर्वेकडून तोफांसारखे आवाज ऐकल्याची नोंद केली होती. तो आवाज होता क्राकाटोआ ज्वालामुखीचा, सुमारे ४,८०० किलोमीटरवरून आलेला. आवाज हवेतून काही तासांत पोहोचला. कशाचा आवाज, हे सांगायला तिथे तार नव्हती.

मॉरिशसच्या टपाल तिकिटांचं एवढं कौतुक का? आणि मुंबईशी त्यांचा काय संबंध?

२१ सप्टेंबर १८४७ ला तिथे एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेनीचं निळं अशी तिकिटं निघाली. बेटावरच्याच जोसेफ बर्नार्डने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, प्रत्येकी फक्त ५००. डाव्या कडेला 'पोस्ट ऑफिस' असे शब्द. ते चुकून पडले, असायला हवं होतं 'पोस्ट पेड', ही गोष्ट प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. ती दंतकथाच आहे; टपालखात्याच्या शिक्क्यांवर तेव्हा तेच शब्द असत. हजारांपैकी जेमतेम २५-३० आज जगात उरली आहेत.

त्यातलं एक पाकीट मुंबईला आलेलं होतं! एक-एक पेनीची दोन नारिंगी तिकिटं लावून १८५० च्या सुमारास मुंबईतल्या बायबल सोसायटीच्या चिटणीसांना धाडलेलं. तिकीटसंग्राहकांच्या जगात ते 'बॉम्बे कव्हर' म्हणूनच ओळखलं जातं. पुढे ते आपल्याकडच्या बाजारात कुणाच्या तरी नजरेस पडलं आणि विलायतेला गेलं. विकणाऱ्याला काय भाव मिळाला असेल, याचा विचार न केलेला बरा.

दोन्ही तिकिटांची एक जोडी १९९३ मध्ये मॉरिशसच्या कंपन्यांनी मिळून विकत घेतली. ती पोर्ट लुईच्या ब्लू पेनी म्युझियममध्ये आहे. रंग उडू नये म्हणून दिवा थोडाच वेळ लावतात, तेव्हा आधी वेळ विचारूनच तिकीट काढा.

लोक बोलतात एक, छापतात दुसरं आणि कायदा तिसऱ्याच भाषेत, हे खरं का?

खरं. आणि तिथल्या माध्यमांची अर्धी गुंतागुंत यातच आहे.

घरात दहापैकी नऊ जण क्रियोल बोलतात. वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच. 'ल मोरिसियाँ' (१९०८ पासून), 'लेक्सप्रेस' (१९६३ पासून), 'ल देफी' ही सगळी. संसद आणि कायदा इंग्रजीत. आता एक नेहमीची बातमी डोळ्यासमोर आणा: मथळा फ्रेंच, मजकूर फ्रेंच, मधेच मंत्र्यांचं सभागृहातलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत, आणि शेवटी ज्या बाईंच्या घरात पाणी शिरलं त्यांचं बोलणं तिरक्या अक्षरांत क्रियोलमध्ये. वाचणाऱ्याला यात काहीच वावगं वाटत नाही. पण उतरंड बघा. बातमीदार फ्रेंच, सत्ता इंग्रजी, आणि सोसणारा माणूस क्रियोल.

क्रियोलचा जन्म मळ्यांवर, फ्रेंच शब्द आणि गुलामांची जीभ यांतून झाला. 'ही कसली भाषा, मोडकं फ्रेंच' असं शिकलेले लोक वर्षानुवर्षं म्हणत. कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिची प्रमाण लेखनपद्धती २०११ मध्ये ठरली आणि २०१२ पासून ती शाळेत पर्यायी विषय झाली. म्हणजे वर्तमानपत्र १७७३ चं, आणि लोकांची भाषा शाळेत पोहोचली २०१२ ला.

जाता जाता: क्रियोलमध्ये 'मो पे आले' म्हणजे 'मी निघालो'. मराठी कान पहिल्यांदा हमखास फसतो. समोरचा निघून जातो आणि आपण म्हणतो, आले तर कुठे आहेत?

एमबीसी म्हणजे काय? आपल्या दूरदर्शनसारखं?

बरंचसं तसंच. बेटावर हौशी रेडिओ १९२७ पासून होता. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन १९६४ मध्ये उभी राहिली आणि टीव्ही १९६५ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ चं, म्हणजे टीव्ही देशाहून तीन वर्षांनी मोठा.

एमबीसी डझनभर भाषांत कार्यक्रम करते: फ्रेंच, क्रियोल, इंग्रजी, हिंदी, भोजपुरी, उर्दू, तमीळ, तेलुगू, मराठी, चिनी वगैरे. प्रत्येक समाजाला वेळेचा तुकडा ठरलेला. हा तुकडा किती मिनिटांचा, कोणत्या वेळेला, यावरून रुसवेफुगवे चालतात, आणि त्यांत गैर काही नाही. जिथे कुठलाच समाज वर्तमानपत्रात आपली भाषा बघू शकत नाही, तिथे पडद्यावरची पंधरा मिनिटं म्हणजे 'आम्ही आहोत' याची पावती असते.

तक्रार दुसरी आहे. सात-साडेसातच्या बातम्यांत पहिला क्रमांक पंतप्रधानांचा, दुसरा मंत्र्यांचा, मग उद्घाटनं. सरकार बदललं की चेहरे बदलतात, क्रम तोच. विरोधात असताना सगळे पक्ष एमबीसीला शिव्या देतात आणि सत्तेत आले की तिथे आपली माणसं नेमतात. वर तिची फी बरीच वर्षं विजेच्या बिलातून वसूल होत आली, त्यामुळे टीव्ही बंद ठेवूनही सुटका नाही.

खाजगी रेडिओ आणि खाजगी टीव्ही आहेत का?

रेडिओ आहेत, देशी खाजगी टीव्ही वाहिन्यांना मात्र हवेतल्या प्रसारणाचा परवाना मिळालेला नाही. डिशवर किंवा फायबरवर पैसे भरून परदेशी वाहिन्या हव्या तितक्या बघा.

प्रसारण नियंत्रणासाठी आयबीए ही संस्था २००० च्या कायद्याने आली, आणि २००२ मध्ये रेडिओ वन, रेडिओ प्लस आणि टॉप एफएम सुरू झाले. माझ्या मते तिथल्या माध्यमांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. केबल नव्हे, फायबरही नव्हे. कारण फोन-इन कार्यक्रम. नळाला पाणी नाही, पेन्शन अडकली, पोलिसांनी तक्रार घेतली नाही, असं बाई क्रियोलमध्ये थेट हवेवर सांगते आणि निवेदक त्याच कार्यक्रमात खात्याला फोन लावतो. फ्रेंच येण्याची अट गेली, लिहिता येण्याचीही गेली. सव्वादोन शतकं जे तिरक्या अक्षरांत शेवटी यायचं, ते पहिल्या क्रमांकावर आलं.

इंटरनेट कसं आहे? केबल तुटली तर काय?

उत्तम आहे. २००२ मध्ये सेफ नावाची केबल सुरू झाली. ती दक्षिण आफ्रिकेतून निघून रियुनियन, मॉरिशस, आपली कोची असं करत मलेशियातल्या पेनांगला जाते. त्याआधी सगळा भार उपग्रहावर. मग २००९ मध्ये मादागास्करकडची लायन, २०२१ मध्ये मेटिस आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जोडणारी टी-थ्री. एक तुटली तर वाहतूक दुसरीवर वळवतात. पूर्वी केबलला धक्का बसला की अख्खं बेट गोगलगाय व्हायचं, ते आता क्वचित.

घराघरांत फायबर नेण्याचं काम २०१८ च्या आसपास जवळजवळ पूर्ण झालं. उसाच्या शेताकडेच्या वाडीतही फायबरचा पांढरा डबा भिंतीवर दिसतो. मोबाइल १९८९ पासून आहे, आणि २००४ मध्ये एमटेलने थ्रीजी आणलं तेव्हा आफ्रिकेत ते पहिलं होतं.

कुठल्या कंपनीचं सिम घ्यावं?

मॉरिशस टेलिकॉमचं माय-टी, एमटेल आणि चिली असे तीन पर्याय. गंमत म्हणजे चिली ही एमटीएमएलची, आणि एमटीएमएल ही आपल्या एमटीएनएलची उपकंपनी. दादर-गिरगावात ज्यांच्या लँडलाइनच्या नावाने आपण बोटं मोडली, त्यांचंच सिम हिंदी महासागरातल्या बेटावर घालून फिरता येतं. पर्यटकाला तिन्हींपैकी कुठलंही पुरतं. विमानतळावरच घ्या, पासपोर्ट जवळ ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयही सुरू झालंय, पण प्रत्येक भाजीवाल्याकडे चालेल असं धरून जाऊ नका.

रॉड्रिग्स आणि अगालेगा इथेही हे सगळं पोहोचलंय का?

रॉड्रिग्स मुख्य बेटापासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर पूर्वेला आहे, वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजारांची. १९०१ मध्ये जगाची तार तिथून जात होती, हे वर आलंच. तारेचा जमाना संपला तशी ती केबल बंद पडली आणि त्यानंतर रॉड्रिग्सने उपग्रहावर दिवस काढले. महाग, मंद, ढग आले की अजून मंद. मार्स केबल तिथे पोहोचली २०१९ ला. दोन केबलांमध्ये शतकाहून जास्त अंतर! रॉड्रिग्सला २००२ मध्ये स्वायत्तता मिळाली, स्वतःची विधानसभा आली, पण व्हिडिओ अडखळल्याशिवाय बघायला आणखी सतरा वर्षं लागली.

अगालेगा तर हजारेक किलोमीटर उत्तरेला, काहीशे माणसांचं. भारताने तिथे बांधलेली धावपट्टी आणि जेट्टी यांचं उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ ला झालं. भारतीय लष्करी तळाच्या चर्चा तुम्ही वाचल्या असतील. दोन्ही सरकारं तसा तळ असल्याचं नाकारतात. पण स्थानिक पत्रकारांची तक्रार साधी आहे: तिथे जाऊन बघणं सोपं नाही. बोट क्वचित, जागा मोजक्या.

चक्रीवादळात माध्यमं काय करतात?

हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, पण तिथे राहायला जाणाऱ्याने आधी हेच वाचावं.

वादळाचे इशारे चार वर्गांत येतात. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याची शक्यता असेल तर ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग. दुसरा असा द्यायचा की तयारीला दिवसाउजेडीचे १२ तास मिळावेत, तिसऱ्याला उजेडाचे ६ तास. चौथा, प्रत्यक्ष तसे झोत नोंदले गेल्यावर. 'दिवसाउजेडी' ही अट मला फार आवडते. नियम करणाऱ्याने अंधारात छपरावर चढून पत्रे बांधणारा माणूस पाहिलेला असणार.

तिसरा वर्ग लागला की काय होतं? शाळा त्याआधीच बंद. बस थांबतात, दुकानांची शटरं खाली येतात, पावाच्या दुकानासमोरची शेवटची रांग मोडते. घरात बादल्या, पातेली, पिंपं भरलेली. मेणबत्त्या टेबलावर, फोन चार्जिंगला, कुंड्या आणि खुर्च्या आत. वीज गेली की फायबरचा पांढरा डबाही गेला. मग उरतो बॅटरीवरचा रेडिओ. त्यावर ठराविक अंतराने तेच निवेदन: वादळाचं केंद्र बेटापासून अमुक किलोमीटर, तमुक दिशेने, ताशी इतक्या वेगाने. आधी फ्रेंच, मग क्रियोल, इंग्रजी, हिंदी. घरातली म्हातारी माणसं आकडे ऐकून सांगतात, उत्तरेकडून वळेल. वारा एकदम थांबला तरी बाहेर पडायचं नाही, कारण तो वादळाचा डोळा असतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

ही व्यवस्था फसतेही. ३० मार्च २०१३ ला वादळ नव्हतंच, नुसता अचानक पाऊस, आणि पोर्ट लुईत ११ माणसं गेली. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात सकाळी लोक कामावर निघाले, मग परत फिरा असा इशारा आला आणि राजधानीतल्या रस्त्यांवर गाड्या पाण्यात एकमेकींवर चढल्या. टीकेपायी हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. त्या दिवशीचे पहिले व्हिडिओ टीव्हीवर नव्हते, लोकांच्या फोनवर होते. २०२० मध्ये वाकाशियो जहाजातून तेल गळलं तेव्हाही तसंच.

पत्रकारांना मोकळेपणाने लिहिता येतं का?

आफ्रिका खंडाच्या मानाने बरंच येतं. राज्यघटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, निवडणुका होतात, सरकारं पडतात. पण इतिहास सरळ नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये संपांच्या लाटेनंतर आणीबाणी आली आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आपली आणीबाणी १९७५ ची. त्यांनी आधी गिरवली. १९८४ मध्ये सरकारने कायदा आणला की वर्तमानपत्र काढायचं तर पाच लाख रुपयांची हमी ठेवा. छोट्या पत्रांचा गळाच. पत्रकार संसदेसमोर जमले, ४४ जणांना अटक झाली. पत्रकारांच्या मागच्या पिढीत हा आकडा अजून तोंडपाठ आहे. नको असलेल्या वर्तमानपत्राच्या सरकारी जाहिराती बंद करणं हा दुसरा, जास्त शांत उपाय. तो तर आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा दैनिकाच्या मालकाला समजावून सांगावा लागणार नाही.

२०२१ च्या शेवटी प्रसारण कायदा बदलला. खाजगी रेडिओचा परवाना तीन वर्षांऐवजी एका वर्षाचा झाला, दंड वाढले, आणि न्यायाधीशांमार्फत बातमीचा स्रोत उघड करायला लावण्याची सोय आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूरसंचार नियामकाने, आयसीटीएने, एक प्रस्ताव मांडला होता: समाजमाध्यमांची सगळी वाहतूक सरकारी यंत्रातून जाईल, तिथे कूटबंध (एन्क्रिप्शन) उलगडून तपासली जाईल. जगभरातून ओरड झाली आणि प्रस्ताव बारगळला. माहितीच्या अधिकाराचं आश्वासन निवडणुकांमागून निवडणुका दिलं गेलं, २०२४ पर्यंत कायदा झाला नव्हता.

२०२४ मध्ये समाजमाध्यमं बंद केली होती ती काय भानगड?

ऑक्टोबर २०२४. संसदेची निवडणूक १० नोव्हेंबरला. 'मिसी मुस्ताश', म्हणजे 'मिशाळ साहेब', अशा नावाच्या खात्यांवरून फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर पडू लागल्या. राजकारणी, पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार यांचे खाजगी फोन. म्हणजे कुणीतरी ते ऐकत आणि साठवत होतं. गाडीत, ऑफिसात, लग्नघरी लोक आज कुणाची फीत आली हेच विचारत होते.

१ नोव्हेंबरला आयसीटीएचा आदेश आला: ११ नोव्हेंबरपर्यंत समाजमाध्यमं बंद. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. ११ तारीख म्हणजे मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, हे कुणालाही बोटांवर मोजता येत होतं. लोकांनी भराभर व्हीपीएन उतरवले, रेडिओवर फोन खणखणले, विरोधी पक्ष कोर्टाकडे निघाले, आणि दिवसभरातच आदेश मागे घेतला गेला. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. हार एकट्या बंदीमुळे झाली असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. महागाई होती, फिती तर होत्याच. पण चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी उभं राहून हात आडवा घातला की काय होतं, ते त्या सरकारने एका दिवसात पाहिलं.

तिथे मराठी ऐकायला मिळेल का?

मिळेल, पण रस्त्यावर नाही. मराठी समाज लोकसंख्येच्या दोनेक टक्के. त्यांचे पूर्वज बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. घरात आता क्रियोलच चालते. मराठी टिकली ती शाळेतल्या पर्यायी विषयात, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेच्या वर्गांत आणि पाठ्यपुस्तकांत, भजनात, आणि एमबीसीच्या त्या ठरलेल्या तुकड्यात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मूर्ती नदीकडे किंवा समुद्राकडे नेताना झांजांबरोबर 'गणपती बाप्पा मोरया' ऐकू येतं आणि त्याच रांगेतली पोरं एकमेकांना क्रियोलमध्ये हाका मारतात.

तिथल्या मराठी माणसाशी बोलताना हळू बोला आणि पुण्याची किंवा मुंबईची मराठी थोडी बाजूला ठेवा. हिंदी मालिकांमुळे हिंदी त्यांना जास्त सरावाची असते. भारताहून घड्याळ दीड तास मागे आहे. रात्री दहाला इथून व्हिडिओ कॉल लावलात तर तिथे साडेआठ वाजलेले असतात, जेवणं चालू असतात, आणि फोन आजीच्या हातात दिला जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.